सरकारची भीती आणि सरकारची मागणी : अमेरिकेचा इतिहास सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या केप मे बंदरातून हेरिंग मासळी पकडणाऱ्या काही नौकामालकांनी आपल्याच देशाच्या मत्स्य खात्याला न्यायालयात खेचले. नौकेवर सरकारी निरीक्षक बसवून पकडलेल्या मासळीची नोंद ठेवायची आणि त्या निरीक्षकाचा दिवसाला ७०० डॉलरपर्यंत जाऊ शकणारा खर्च नौकामालकानेच सोसायचा, असा नियम खात्याने केला होता. कायद्यात तशी स्पष्ट तरतूद नसताना खात्याने स्वतःच्या अर्थाने तो वाढवला, अशी त्यांची तक्रार होती. २८ जून २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि कायदा संदिग्ध असेल तेथे सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मान्य करावा हा १९८४ पासून चालत आलेला दंडक मोडीत काढला. हेरिंगच्या जाळ्यातून सुरू झालेल्या या वादाने पर्यावरण, औषधे, कामगार-सुरक्षा अशा सगळ्याच खात्यांच्या अधिकारांना कात्री लागली.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या १२१ किलोमीटरच्या किनाऱ्यावर मात्र मच्छीमारांची तक्रार नेमकी उलट दिशेने जाते. मालवण, देवगड, वेंगुर्ले येथील पारंपरिक मच्छीमार सरकारने हात आखडता घेतला म्हणून रस्त्यावर उतरतो. पर्ससीन जाळ्यांवर बंदी घाला, एलईडी दिव्यांच्या झोतात होणारी मासेमारी थांबवा, परराज्यांतून येणारे वेगवान ट्रॉलर पकडा, गस्ती नौका वाढवा आणि १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याची कडक अंमलबजावणी करा, अशा त्याच्या मागण्या असतात. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, तेव्हा ती बंदी कागदावरच राहते ही तक्रार पुढे आली. सरकारला असा अधिकार आहे काय, हा प्रश्न या किनाऱ्यावरून सहसा विचारला गेला नाही.

दोन्ही ठिकाणचे लोक समुद्रावर पोट भरणारे, दोघेही लोकशाहीचे नागरिक, दोघांनाही मासळी टिकावी असे वाटते. तरीही एकाला सरकार अंगावर येणारे वाटते आणि दुसऱ्याला ते पुरेसे पुढे न येणारे वाटते. हा फरक स्वभावाचा नसून आठवणींचा आहे. समाजाला आपला जुलमी कोण होता याची जी सामूहिक आठवण असते, तिच्याभोवती त्याची राज्यव्यवस्थेविषयीची चर्चा उभी राहते. अमेरिकेत अशा आठवणी दोन आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिली आठवण : दूरचा राजा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तेरा वसाहतींना स्वतःचा कारभार पाहण्याची सवय स्वातंत्र्याच्या फार आधीपासून होती. व्हर्जिनियात १६१९ मध्येच निवडलेल्या प्रतिनिधींची सभा भरली होती, आणि उत्तरेकडील वसाहतींत गावसभा रस्ते, शाळा, चर्च आणि करांचे निर्णय घेत असत. या लोकांच्या अनुभवात जवळचे सरकार आपले होते आणि परके होते ते समुद्रापलीकडचे. सात वर्षांच्या युद्धात झालेल्या कर्जाचा भार हलका करण्यासाठी ब्रिटिश संसदेने १७६५ मध्ये वसाहतींतील कागदपत्रांवर मुद्रांक कर बसवला, तेव्हा ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही तिला आपल्यावर कर बसवण्याचा हक्क नाही, हा आक्षेप उभा राहिला. डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या आणि ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. त्या जाहीरनाम्याचा मोठा भाग राजाविरुद्धच्या तक्रारींच्या यादीने व्यापलेला आहे, आणि ज्या राष्ट्राच्या जन्माचा दाखलाच तक्रारपत्राच्या रूपात आहे, तेथे सत्तेविषयीचा संशय हा देशभक्तीचाच भाग मानला जावा हे ओघाने आले.

स्वतंत्र झाल्यावर या तेरा राज्यांनी १७८१ मध्ये अमलात आणलेला पहिला करारनामा इतका दुबळा होता की मध्यवर्ती सभेला नागरिकांकडून कर घेण्याचाही अधिकार नव्हता. त्यातून ओढवलेली आर्थिक ओढाताण आणि १७८६-८७ मधील मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव यांनी धास्तावलेले प्रतिनिधी १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जमले. त्यांच्यापुढे दुहेरी अडचण होती: मध्यवर्ती सरकार कर गोळा करण्याइतके आणि सैन्य ठेवण्याइतके समर्थ हवे होते, पण राजासारखे माजणारे नको होते.

त्यांनी काढलेला तोडगा मालवणच्या किनाऱ्यावरील रापणीच्या उदाहरणाने चटकन समजतो. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या रापणीच्या जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणले जातात आणि दोन वेगवेगळे गट ते ओढतात. दोन्ही गटांची ओढ जुळली तरच जाळे सरळ किनाऱ्याला लागते, आणि एका गटाने दोर धरून ठेवला तर दुसऱ्याने कितीही जोर लावला तरी मासळी हाती येत नाही. अमेरिकेच्या घटनाकारांनी कायद्याचे दोर असेच वेगवेगळ्या हातांत दिले. लोकसंख्येच्या प्रमाणात निवडलेले प्रतिनिधीगृह, प्रत्येक राज्याला दोन जागा देणारे सिनेट, स्वतंत्रपणे निवडला जाणारा अध्यक्ष आणि तहहयात नेमलेले न्यायाधीश यांच्यापैकी कोणीही एकट्याने काही घडवू नये, पण अडवू मात्र शकावे, अशी ही रचना आहे. रापणीत ओढ जुळावी म्हणून मेहनत घेतली जाते, तर अमेरिकी घटनेत ती सहजासहजी जुळू नये म्हणून.

या रचनेचे परिणाम आजही ठळक आहेत. सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला आणि जवळजवळ चार कोटी वस्तीच्या कॅलिफोर्नियाला सिनेटमध्ये सारख्याच दोन जागा आहेत. घटनादुरुस्तीसाठी दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश बहुमत आणि तीनचतुर्थांश राज्यांची मान्यता लागते, त्यामुळे सव्वादोनशेहून अधिक वर्षांत तेथे केवळ २७ दुरुस्त्या झाल्या; भारतात पाऊणशे वर्षांत शंभराहून अधिक झाल्या. घटनेचे शब्द बदलणे इतके दुरापास्त असल्यामुळे भांडण त्या शब्दांच्या अर्थावर येऊन ठेपते. बंदूक बाळगण्याचा हक्क सांगणारी दुसरी दुरुस्ती १७९१ ची आहे. तिच्यात नागरिकांच्या सशस्त्र पथकाचा उल्लेख असल्याने हा हक्क पथकापुरता की प्रत्येक व्यक्तीचा, हा प्रश्न २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीच्या बाजूने सोडवला. म्हणूनच तेथे न्यायाधीशांची नेमणूक ही निवडणुकीइतकीच राजकीय लढाई होऊन बसते.

मुबलक जमीन आणि स्वावलंबनाची कथा

सत्तेविषयीच्या या संशयाला भूगोलाने खतपाणी घातले. अब्राहम लिंकन यांच्या काळात, १८६२ मध्ये झालेल्या वसाहत-जमीन कायद्याने जो कोणी पाच वर्षे जमीन कसेल आणि तिच्यावर घर बांधेल त्याला १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात मालकीहक्काने मिळू लागली. स्वतःच्या मनगटाच्या जोरावर रान फोडून उभे राहिलेले कुटुंब हे अमेरिकी माणसाचे स्वतःविषयीचे आवडते चित्र त्या काळातून आले, आणि ‘सरकारने वाटेत येऊ नये, बाकीचे आम्ही पाहून घेऊ’ ही भूमिका त्या चित्राला चिकटून आली.

या चित्रातून दोन गोष्टी वगळल्या जातात आणि त्या वगळणे हा मोठा अन्याय आहे. ती जमीन रिकामी नव्हती. तेथील मूळ रहिवाशांना लष्करी बळाने आणि मोडलेल्या करारांनी हुसकावून ती मोकळी करण्यात आली. दुसरे म्हणजे ती वाटणारे सरकारच होते, आणि धान्य बाजारात नेणाऱ्या रेल्वे कंपन्यांनाही सरकारनेच प्रचंड जमीन बहाल केली होती. स्वावलंबनाच्या या कथेच्या मुळाशी इतिहासातील एक अवाढव्य सरकारी वाटप आहे.

कोकणात जमिनीची गोष्ट अगदी वेगळी. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत भातशेतीचे तुकडे लहान, आणि त्या तुकड्यांवरही अनेक गावांत खोताचा अधिकार. खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची वंशपरंपरेने आलेली जबाबदारी असलेला मध्यस्थ. तो सरकारात ठरलेला सारा भरी, परंतु कुळांकडून पिकाचा हिस्सा घेई, आणि भातपिकाचा निम्मा वाटा देण्याची अर्धेलीची पद्धत सर्रास होती. वेठीने राबवणे, कुळाला जमिनीवरून काढण्याची भीती घालणे हे त्याच्या जोडीला होतेच. येथे पुढे सरकून नवी जमीन फोडण्याचा मार्ग नव्हता. उरला तो मुंबईच्या गिरणीचा मार्ग, आणि चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर घर चालू लागले. अशा माणसाच्या आठवणीतला जुलमी समुद्रापलीकडचा राजा नसून गावातलाच खोत किंवा सावकार असतो. त्याला आवर घालू शकणारी एकच शक्ती म्हणजे कायदा करणारे सरकार, हे तो अनुभवाने शिकलेला असतो.

दुसरी आठवण : जवळचा मालक

अमेरिकेतही असा समाज आहे ज्याचा जुलमी जवळचाच होता. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला तेव्हा तेथे लाखो आफ्रिकी वंशाची माणसे गुलाम होती. १७८७ च्या घटनेने प्रतिनिधीगृहाच्या जागा ठरवताना गुलामांची संख्या तीनपंचमांश धरली, म्हणजे ज्यांना मत नव्हते त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जादा जागा मिळाल्या. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असा निर्णय दिला. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर झालेल्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दुरुस्त्यांनी गुलामगिरी रद्द केली, कायद्याचे समान संरक्षण दिले आणि वंशावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली.

तरीही दक्षिणेकडील राज्यांनी पुढची सात-आठ दशके वेगळ्या शाळा, वेगळे डबे आणि मतदानाच्या चाळण्या लावून हे हक्क पोकळ केले, आणि ते करताना ‘राज्यांच्या अधिकारांत वॉशिंग्टनने ढवळाढवळ करू नये’ हीच ढाल पुढे केली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तरी १९५७ मध्ये आर्कान्सामधील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवण्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले. या समाजाच्या आठवणीत जवळचे सरकार म्हणजे जाच आणि दूरचे सरकार म्हणजे सुटकेची आशा. अमेरिकी चर्चेत ‘केंद्राची सत्ता वाढवा’ आणि ‘केंद्राला आवरा’ या घोषणा इतक्या त्वेषाने का दिल्या जातात, याचे उत्तर या दोन आठवणींच्या टकरीत सापडते. कर, आरोग्यविमा किंवा मतदानाचे नियम यांवरचा वाद वरकरणी आकड्यांचा दिसला तरी त्याखाली हीच टक्कर चालू असते.

महाराष्ट्राने अमेरिकेची ही दुसरी आठवण फार लवकर ओळखली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांची लोकशाहीविषयीची मांडणी त्यांनी आत्मसात केली. आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले.

सरकारविना रुग्णालय : वेंगुर्ल्याचे एक नाते

सरकारवर विसंबायचे नाही, तर शाळा-दवाखाने कोणी चालवायचे? अमेरिकी समाजाने याचे दिलेले उत्तर म्हणजे स्वयंप्रेरित संघटना. १८३१-३२ मध्ये अमेरिकेचा दौरा केलेल्या अलेक्सी द तोकव्हिल या फ्रेंच विचारवंताने नोंदवले होते की फ्रान्समध्ये जे काम सरकार करते आणि इंग्लंडमध्ये एखादा उमराव करतो, त्यासाठी अमेरिकेत लोक संघटना स्थापन करतात. चर्च ही त्यातली सर्वांत व्यापक संघटना, आणि तिच्या सभासदांच्या वर्गणीतून उभा राहणारा पैसा सातासमुद्रापार जाई.

सिंधुदुर्गाचा या प्रवृत्तीशी थेट संबंध आला तो वेंगुर्ल्यात. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे वैद्यकीय सेवा चालवली आणि त्या मिशनच्या डॉ. गोहीन यांनी वेंगुर्ल्यात काम केले. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट गोहीन यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच झाला. ते १९५७ ते १९७२ पर्यंत प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते, त्यांच्याच कारकिर्दीत १९६९ मध्ये पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश मिळू लागला, आणि १९७७ ते १९८० या काळात ते भारतातील अमेरिकेचे राजदूत झाले. कोकणातल्या एका बंदरगावातील रुग्णसेवेचा खर्च अमेरिकेतील मंडळींच्या वर्गण्यांतून चालावा, ही गोष्ट त्या देशाची उदार बाजू दाखवते आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

मात्र घरच्या आरोग्यव्यवस्थेत याच प्रवृत्तीने गुंता निर्माण केला. दुसऱ्या महायुद्धात वेतनवाढीवर सरकारी मर्यादा आली तेव्हा कामगार टिकवण्यासाठी कारखानदार पगारवाढीऐवजी आरोग्यविमा देऊ लागले, आणि विमा नोकरीशी बांधला गेला तो कायमचा. नोकरी गेली की विमाही जातो. १९६५ मध्ये ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी सरकारी विमा आला, २०१० मध्ये ओबामा यांच्या काळात आणखी विस्तार झाला, पण सर्वांसाठी एकच सरकारी व्यवस्था असावी काय हा वाद आजही मिटलेला नाही.

चौकट : लेखातील तीन संज्ञा

*न्यायालयीन पुनर्विलोकन* – विधिमंडळाने केलेला कायदा घटनेशी विसंगत असल्यास तो रद्द ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार. अमेरिकेत हा अधिकार १८०३ च्या मार्बरी खटल्यात प्रस्थापित झाला.

*ड्यू प्रोसेस* – कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता ‘यथोचित कायदेशीर प्रक्रियेशिवाय’ हिरावता येणार नाही, ही अमेरिकी घटनेतील हमी. प्रक्रिया न्याय्य होती काय आणि कायद्याचा आशयही वाजवी आहे काय, हे दोन्ही न्यायालय तपासू शकते.

*नववे परिशिष्ट* – भारतीय संविधानातील कायद्यांची एक यादी. या यादीतील कायदा मूलभूत हक्कांचा भंग करतो या कारणावरून रद्द करता येऊ नये, यासाठी ती १९५१ मध्ये जोडण्यात आली.

अमेरिकी हमी आणि कोकणचा खोत

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ‘ड्यू प्रोसेस’ या हमीचा एक अनपेक्षित वापर झाला. न्यूयॉर्क राज्याने बेकरी कामगारांना दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांपेक्षा अधिक राबवू नये असा कायदा केला होता. १९०५ मध्ये लॉकनर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण मालक आणि कामगार यांच्या करारस्वातंत्र्यावर तो घाला घालतो असे बहुमताला वाटले. राजाच्या जुलमापासून वाचवण्यासाठी घडवलेली तरतूद बेकरीमालकाच्या कामी आली. १९३७ पर्यंत या विचारसरणीने कामगारांच्या बाजूचे अनेक कायदे अडवले, आणि आंबेडकर कोलंबियात शिकत होते तो काळ याच कालखंडातला.

भारताची घटना तयार होत असताना घटनासमितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत गेले. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना ‘ड्यू प्रोसेस’ची तरतूद लोकनिर्वाचित विधिमंडळावर न्यायाधीशांचा नकाराधिकार लादते, असा इशारा दिला. परिणामी एकविसाव्या अनुच्छेदात जपानच्या घटनेच्या धर्तीवर ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. १३ डिसेंबर १९४८ रोजी या मुद्द्यावर बोलताना आंबेडकरांनी दोन्हीकडचे धोके सांगितले: पक्षाच्या माणसांनी भरलेले विधिमंडळ नागरिकांचे हक्क तुडवू शकते, आणि पाच-सहा न्यायाधीश आपल्या वैयक्तिक मतांनुसार कायदे मोडून काढू शकतात. कोणता धोका पत्करावा हे त्यांनी सभागृहावर सोपवले. पुढे १९४९ मध्ये अटकेविषयीच्या संरक्षणाचा वेगळा अनुच्छेद आणून त्यांनी झालेली उणीव अंशतः भरून काढली.

हा प्रश्न आंबेडकरांसाठी पुस्तकी नव्हता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते, आणि त्याच्या आगेमागे कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा प्रदीर्घ संप चालला होता. ते विधेयक संमत झाले नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, मुंबई खोती निर्मूलन कायद्याने. परंतु कायदा होताच मालमत्तेचा मूलभूत हक्क पुढे करून जमीनदार न्यायालयांत गेले. बिहारचा जमीन सुधारणा कायदा मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने रद्द केला आणि देशभरच्या अशा कायद्यांवर सावट आले. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून नववे परिशिष्ट निर्माण करण्यात आले व तेरा कायदे त्यात घालण्यात आले. त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे आणि सहाव्या क्रमांकावर खोती निर्मूलन कायदा. कोकणातल्या कुळाची मुक्तता अशी थेट देशाच्या संविधानात नोंदली गेली.

बॅरिस्टर नाथ पै यांचे विधेयक

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी निर्णय दिला की संसदेला यापुढे मूलभूत हक्कांत काटछाट करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. आधीच्या दुरुस्त्या रद्द केल्या असत्या तर जमीन सुधारणांचा डोलारा कोसळला असता, म्हणून सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी निर्णय केवळ पुढील काळाला लागू राहील अशी युक्ती योजली, आणि ती अमेरिकी न्यायव्यवहारातूनच घेतलेली होती.

या निकालाला संसदेत पहिले ठोस उत्तर दिले ते सिंधुदुर्गाच्या सुपुत्राने. २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात जन्मलेले, १९५७ पासून सलग तीनदा राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै यांनी एप्रिल १९६७ मध्ये खासगी विधेयक मांडले. घटनेच्या कोणत्याही भागात, मूलभूत हक्कांसह, दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट शब्दांत नोंदवावा असा त्याचा आशय होता. विरोधी बाकांवरचा, नागरी स्वातंत्र्याविषयी अत्यंत जागरूक असलेला खासदार संसदेच्या अधिकारासाठी उभा राहतो, हे अमेरिकी चष्म्यातून पाहिले तर कोड्यात टाकणारे आहे. कोकणच्या इतिहासातून पाहिले तर ते सरळ आहे. ज्या मतदारांच्या आठवणीत खोत होता, त्यांच्या प्रतिनिधीला हक्कांचा भंग करणारा म्हणून केवळ सरकार दिसत नव्हते. मालमत्तेच्या हक्काआड उभा असलेला बलवान माणूसही दिसत होता, आणि त्याला हटवण्याचे सामर्थ्य सर्वसामान्यांच्या मतातून निवडलेल्या संसदेकडेच होते.

ते विधेयक संमत होण्यापूर्वी डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै यांचे अकाली निधन झाले. त्याच वर्षी नव्या लोकसभेने चोविसावी घटनादुरुस्ती करून त्यांची मूळ भूमिका संविधानात आणली.

आणीबाणीने दिलेली दुसरी आठवण

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी मधला मार्ग काढला: संसद कोणताही अनुच्छेद दुरुस्त करू शकेल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकणार नाही. हे सूत्र अमेरिकेकडून आलेले नव्हे. तेथील न्यायालयाने एखादी घटनादुरुस्ती तिच्या आशयासाठी कधीही रद्द केलेली नाही. भारतातील युक्तिवादाला जर्मन अभ्यासक डीट्रिख कॉनराड यांच्या मांडणीची मदत झाली, आणि हिटलरने संसदेच्या मार्गानेच सत्ता बळकावल्याची आठवण त्या मांडणीमागे होती.

दोन वर्षांतच या सूत्राची कसोटी लागली. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि नाथ पै यांच्या जागी राजापूरमधून निवडून आलेले प्रा. मधू दंडवते यांना बंगळूर येथे अटक झाली. विरोधक तुरुंगात असताना १९७६ मध्ये संसदेने बेचाळिसावी दुरुस्ती करून घटनादुरुस्त्यांना न्यायालयात आव्हानच देता येऊ नये अशी तरतूद केली. नाथ पै यांचे विधेयक आणि ही दुरुस्ती यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, कारण एकामागे कुळाची चिंता होती आणि दुसऱ्यामागे सत्ताधाऱ्यांची. तरीही संसदच बेलगाम झाली तर नागरिकाने कोठे जावे, या प्रश्नाला नाथ पै यांच्या विधेयकात उत्तर नव्हते, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. कोकणातील मतदारांनी आपलाच खासदार सरकारने तुरुंगात टाकलेला पाहिला आणि १९७७ मध्ये त्यालाच पुन्हा निवडून दिले. अमेरिकेच्या पहिल्या आठवणीसारखी एक आठवण तेव्हा येथेही निर्माण झाली.

पुढची वाटचाल दोन्ही आठवणींना जागा देणारी आहे. दंडवते ज्या मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री होते त्याच जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि आणीबाणी लादण्याच्या अटीही कडक केल्या. त्याच वर्षी २५ जानेवारीला मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकविसाव्या अनुच्छेदातील कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असलीच पाहिजे असे ठरवले. फ्रँकफर्टर यांच्या सल्ल्याने बाहेर ठेवलेले ‘ड्यू प्रोसेस’ तीस वर्षांनी भारतात आले, पण येताना मालमत्तेचा हक्क त्याच्या सोबत नव्हता. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने बेचाळिसाव्या दुरुस्तीची ती तरतूद रद्द ठरवली. ११ जानेवारी २००७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी एक पायरी गाठली: २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात घातलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. खोती निर्मूलन कायदा १९५१ मध्येच त्या यादीत आलेला असल्यामुळे त्याचे संरक्षण अबाधित राहिले आणि सहाव्या क्रमांकावरची त्याची नोंद आजही तशीच आहे.